पोलिटिकल एजंटच्या सावलीतले राज्य : राजर्षी शाहू महाराज आणि आफ्रिकेचा प्रश्न

मुरगूडच्या आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात मागे एकदा आफ्रिकेचा विषय निघाला. एका तरुणाने मोबाईलवर कुठला तरी व्हिडिओ पाहिला होता. गोरे निघून गेले आणि आफ्रिकेचे वाटोळे झाले, तिथल्या लोकांना राज्य चालवताच येत नाही, असे त्यात ठासून सांगितले होते. त्यावर दुसऱ्याने आपले मत मांडले, की इंग्रज आणखी पन्नास वर्षे राहिले असते तर आपल्या समाजाचे भलेच झाले असते. तिसऱ्याला ते सहन झाले नाही. वेळ संपली, चहा झाला, तरी वाद काही मिटला नाही.

पहिले मत आमच्या ओळखीचे आहे. आफ्रिकेतल्या काळ्या माणसाला राज्य जमत नाही आणि आरक्षणातून आलेल्याला कारभार जमत नाही, ही दोन वाक्ये एकाच तोंडातून निघतात. दुसरे मत मात्र आपल्याच माणसाचे होते आणि त्यात अनुभव होता. सैन्याचे आणि शाळेचे दार आपल्या आज्या-पणज्यांना इंग्रजी अमलातच थोडे उघडले, हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणून त्या पोराला गप्प बसवणे आम्हाला योग्य वाटले नाही.

परकी सत्ता, आपला कारभार आणि विकास या तिढ्याचा विचार करायला मुरगूडच्या माणसाने आधी काँगोला जायची गरज नाही. आपण कागल तालुक्यात राहतो. गावच्या तलावाला सर पिराजीराव घाटग्यांचे नाव आहे. त्यांच्या नावापुढचे ‘सर’ इंग्रजांनी दिलेले आणि तलावातले पाणी आपले. या पिराजीरावांचे, म्हणजे बापूसाहेब महाराजांचे थोरले बंधू राजर्षी शाहू महाराज. परकी सत्तेच्या मुठीत राहून आपल्या लोकांसाठी राज्य कसे चालवायचे, हा प्रश्न त्यांनी २८ वर्षे रोज सोडवला. कधी तो सुटला, कधी सुटला नाही.

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा, कागलच्या घाटगे घराण्यातला. नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब, आई राधाबाई मुधोळच्या घोरपड्यांची कन्या. दहाव्या वर्षी, १७ मार्च १८८४ रोजी ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. ती गादी रिकामी कशी झाली होती, हे जयंतीच्या भाषणांत क्वचित येते. ते आधी सांगायला हवे.

१८५७ च्या धामधुमीत कोल्हापुरातही उठाव झाला. चिमासाहेब महाराजांना इंग्रजांनी पकडून कराचीला नेले आणि ते पुन्हा परतले नाहीत. १८६२ च्या करारानुसार महत्त्वाच्या प्रत्येक बाबतीत इंग्रज सरकारचा सल्ला मानण्याचे बंधन छत्रपतींवर आले. सल्ला म्हणजे हुकूमच. पुढचे राजाराम महाराज युरोपच्या प्रवासाला गेले आणि परतीच्या वाटेवर १८७० मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात वारले. त्यांच्यानंतरच्या चौथ्या शिवाजी महाराजांना वेडे ठरवण्यात आले. त्यांचा छळ चालल्याच्या बातम्या पुण्याच्या ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी छापल्या. कारभारी माधवराव बर्वे यांनी बदनामीची फिर्याद केली आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. महाराजांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले होते. तिथे २५ डिसेंबर १८८३ रोजी ग्रीन नावाच्या गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला. वय विशीच्या आसपास.

यशवंतराव या गादीवर बसले. परकी सत्ता काय करू शकते, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

युगांडात पुढे असेच घडले. बुगांडाचे राजे, ज्यांना तिथे कबाका म्हणतात, ते दुसरे मुतेसा इंग्रज गव्हर्नरचे ऐकेनात. १९५३ मध्ये त्यांना विमानात बसवून थेट लंडनला धाडण्यात आले. दोन वर्षांनी परत येऊ दिले. राजा ठेवायचा, त्याच्याशेजारी आपला रेसिडेंट बसवायचा आणि कारभार त्याच्या नावाने करायचा, ही पद्धत उत्तर नायजेरियात लुगार्ड या इंग्रज अधिकाऱ्याने १९०० नंतर पक्की केली. हा लुगार्ड मद्रासेत जन्मलेला आणि हिंदुस्थानात फौजी नोकरी केलेला माणूस. आपल्या संस्थानांचा अनुभव इंग्रजांच्या गाठीशी होताच.

तर अशा पद्धतीत एका मुलाला राजा म्हणून घडवायचे होते. त्यांना राजकोटच्या राजकुमार कॉलेजात पाठवले. पुढे धारवाडला स्टुअर्ट फ्रेजर या आय.सी.एस. अधिकाऱ्याच्या हाताखाली शिक्षण झाले. या काळात कोल्हापूरचा कारभार पोलिटिकल एजंटच्या नजरेखाली चालला होता. मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली ती याच दिवसांत. पैसा संस्थानचा आणि गाड्या चालवणारी कंपनी इंग्रजांची.

२ एप्रिल १८९४ रोजी राज्याधिकार हाती आले तेव्हा महाराज विशीतले होते. त्यांनी आपले दप्तर पाहिले. संस्थानच्या वरच्या ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते. कारकुनीच्या ५०० जागांमध्ये ब्राह्मणेतर जेमतेम दहा. म्हणजे वर इंग्रज, मध्ये ब्राह्मण, आणि खाली ज्यांच्या घामावर हे सगळे चालते ती रयत. मधल्या थरातून झिरपल्याशिवाय राजाचा हुकूमही रयतेपर्यंत पोचणार नव्हता.

आमच्या मते इथेच महाराजांचे वेगळेपण आहे. परकी सत्ता म्हणजे फक्त गोरी कातडी, असे त्यांनी मानले नाही. ज्या कारभारात आपले माणूस नाही तो कारभार रयतेला परकाच असतो, मग तो चालवणारा लंडनचा असो की कोल्हापूरच्या पेठेतला. सनातनी मंडळींना हे तेव्हाही पटले नाही. आजही पटत नाही.

आधी त्यांनी माणसे शोधली. भास्करराव जाधव हे हुशार मराठा पदवीधर १८९५ मध्ये दरबारच्या सेवेत आले. पुढे जैन समाजातले अण्णासाहेब लठ्ठे आले. पण अशी माणसे मुळात होतीच किती? खेड्यातला मुलगा कोल्हापुरात शिकायला येणार तर राहणार कुठे, जेवणार कुठे? १८९६ मध्ये सर्व जातींसाठी म्हणून राजाराम वसतिगृह निघाले, पण ते ब्राह्मण विद्यार्थ्यांनीच भरले. तेव्हा महाराजांनी वाट बदलली. १९०१ मध्ये मराठा मुलांसाठी वसतिगृह निघाले. मग जैन, मुसलमान, लिंगायत असे एकेक समाजाचे वसतिगृह उभे राहिले, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांचे.

या इमारतींची नावे पाहा. मराठ्यांचे ते व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग. अस्पृश्यांचे मिस क्लार्क वसतिगृह. ही क्लार्कबाई मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी. शेतकीची संस्था निघाली तिलाही किंग एडवर्डचे नाव. आमच्यातल्या काही तरुणांना या नावांची लाज वाटते आणि विरोधकांना ती पुरावा वाटतात. आम्हाला विचाराल तर तो एक प्रकारचा सारा होता. पाटीवर गव्हर्नरच्या मुलीचे नाव आले की त्या इमारतीला हात लावायची हिंमत कोल्हापुरातल्या कुणा सनातन्याची होत नसे. आणि आत चटईवर बसून जेवणारी पोरे महार-मांग-चांभारांची होती.

वेदोक्ताचे प्रकरण सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्यात परकी सत्तेची भूमिका काय होती याकडे कमी लक्ष जाते. १८९९ च्या कार्तिकात पंचगंगेवर स्नानाच्या वेळी छत्रपतींसाठी पुराणोक्त मंत्र म्हटले जात असल्याचे उघड झाले. म्हणजे शिवाजी महाराजांच्या गादीचा धनीसुद्धा भटाच्या लेखी शूद्र. राजोपाध्यांनी वेदोक्त करायला नकार दिला, तेव्हा महाराजांनी १९०२ मध्ये त्यांची वतने जप्त केली. राजोपाध्ये दाद मागायला कुठे गेले? पोलिटिकल एजंटकडे. तिथून मुंबई सरकारकडे, तिथून व्हाइसरॉयकडे. स्वराज्याचा पुकारा करणारी पुण्याची मंडळी या वादात त्यांच्या पाठीशी होती. २० वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या छत्रपतींसाठी तुरुंगात गेलेले टिळकही त्या बाजूला. १९०५ पर्यंत खालपासून वरपर्यंत सगळे निकाल महाराजांच्या बाजूने लागले.

इथे थांबून विचार करावा लागतो. राजाने आपल्या पुरोहिताचे वतन काढले तर ते बरोबर की चूक, हे ठरवणार इंग्रज. निकाल आपल्या बाजूने लागला म्हणून आपण आनंद मानतो. पण उद्या तोच इंग्रज दुसऱ्या बाजूला झुकला असता तर? महाराजांना हे कळत होते. इचलकरंजीसारख्या मोठ्या जहागिरदारांवर छत्रपतींचा अधिकार किती, या तंट्यात इंग्रज सरकारने त्यांना वर्षानुवर्षे झुलवत ठेवले होते. एका हाताने आधार आणि दुसऱ्या हाताने लगाम, असा तो मामला होता.

म्हणूनच १९०२ चा हुकूम आम्हाला फार मोठा वाटतो. महाराज तेव्हा सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेत होते. केंब्रिजने त्यांना मानाची पदवी दिली, मेजवान्या झाल्या. आणि त्याच मुक्कामात, २६ जुलै १९०२ रोजी, इकडे करवीरच्या गॅझेटात त्यांचा हुकूम छापून आला. त्या तारखेपासून रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांना द्यायच्या. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वगळून बाकी सगळे मागासलेले. हुकुमात आणखी एक कलम होते आणि कार्यकर्त्यांनी ते पाठ करावे असे आहे. प्रत्येक खातेप्रमुखाने दर तीन महिन्यांनी केलेल्या नेमणुकांचा तक्ता दरबारला सादर करायचा. हुकूम काढून मोकळे व्हायचे नाही, मागे लागून हिशेब घ्यायचा. १९१२ पर्यंत वरच्या ९५ जागांमध्ये ब्राह्मण ३५ उरले होते.

आता काँगो पाहा. बेल्जियमने तो प्रदेश ३० जून १९६० रोजी सोडला तेव्हा एवढ्या प्रचंड देशात विद्यापीठाची पदवी घेतलेले काळे लोक ३० च्याही आत होते. सैन्यात एकही काळा अधिकारी नव्हता. बेल्जियमला ती माणसे तयार करायचीच नव्हती. पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांच्या हाती झेंडा आला, पण दप्तर, बंदूक आणि तांब्याच्या खाणी आल्या नाहीत. दोन आठवड्यांत खाणींचा कटांगा प्रांत फुटून निघाला आणि त्यामागे बेल्जियमचे पाठबळ होते. १७ जानेवारी १९६१ रोजी लुमुंबांना ठार करण्यात आले. पुढे मोबुटूने तीन दशकांहून अधिक काळ देश लुटला आणि पाश्चात्त्य राष्ट्रांनी त्याला सांभाळले. काळ्यांना राज्य करता येत नाही असे सांगणाऱ्या व्हिडिओत यातले काही नसते.

आणि रवांडा. तिथे बेल्जियमने तुत्सींना हाताशी धरून कारभार चालवला, १९३० च्या दशकात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर हुतू की तुत्सी हे छापले, आणि जाताना पारडे फिरवले. १९९४ मध्ये त्याच ओळखपत्रांवरून माणसे वेचून मारली गेली. परकी सत्ता नेहमी आपल्यातल्या उतरंडीवर हात ठेवून उभी राहते. ती उतरंड तिने निर्माण केलेली असेलच असे नाही. आपल्याकडची तर तिच्याही कितीतरी आधीची. पण तिचा उपयोग मात्र ती पुरेपूर करते.

विकासाचे पाहू. महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली आणि गुळाचा व्यापार कोल्हापुरात आणला. आपला गूळ आपल्या शहरात तोलला जाऊ लागला. १९०६ मध्ये शाहू मिलची उभारणी सुरू झाली. १९०८ मध्ये राधानगरी हे गाव वसवले आणि भोगावतीवर धरण हाती घेतले. निपाणीहून मुरगूडवरून राधानगरीला जाणारा रस्ता आपल्या रोजच्या पायाखालचा, पण त्या टोकाला उभे असलेले धरण एका संस्थानिकाने आपल्या खजिन्यातून बांधायला घेतले होते, हे किती जणांच्या ध्यानात असते? पहिल्या महायुद्धाच्या काळात पैसा आटला आणि काम अर्ध्यावर थांबले. महाराजांना ते पुरे झालेले पाहता आले नाही. ते पूर्ण झाले स्वातंत्र्यानंतर. पण त्याच्या पाण्याचा धनी कोण, याबद्दल कधी शंका नव्हती. ते करवीरच्या शेतात गेले.

घानाचे क्वामे एन्क्रुमा यांचेही असेच एका धरणाचे स्वप्न होते. व्होल्टा नदीवरचे अकोसोंबो. देश १९५७ मध्ये स्वतंत्र झाला होता, तिजोरीत कोकोचा पैसा होता, पण कोकोचा भाव लंडन आणि न्यूयॉर्कच्या बाजारात ठरायचा. धरणाला जागतिक बँकेचे, अमेरिकेचे, इंग्लंडचे कर्ज लागले. अट अशी, की वीज घेणारे गिऱ्हाईक पक्के हवे. ते गिऱ्हाईक म्हणजे अमेरिकन ॲल्युमिनियम कंपनी. तिला वीज अगदी स्वस्तात मिळाली, आणि घानात बॉक्साइट असताना ती कच्चा माल बाहेरून आणत राहिली. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतून सुमारे ८०,००० माणसे उठली. जानेवारी १९६६ मध्ये एन्क्रुमांनी धरणाचे उद्घाटन केले आणि २४ फेब्रुवारीला, ते परदेशात असताना, लष्कराने त्यांचे सरकार उलथवले.

पण सगळा दोष परक्यांच्या माथी मारून मोकळे होणे आम्हाला पटत नाही. एन्क्रुमांनी १९५८ मध्येच विनाचौकशी तुरुंगात टाकण्याचा कायदा केला होता. १९६४ मध्ये एकाच पक्षाचे राज्य केले. ज्या लोकांच्या जिवावर ते आले त्यांना बोलायची सोय उरली नाही. सरकार पडले तेव्हा रस्त्यावर रडणारे कमी आणि नाचणारे जास्त होते. परक्यांना आत शिरायला भिंतीला भोक लागते आणि ते पुष्कळदा आपणच पाडून ठेवतो.

महाराजांच्या बाबतीतही डोळे झाकून चालणार नाही. ते राजे होते. त्यांच्या राज्यात निवडून आलेली विधिमंडळे नव्हती. त्यांनी महायुद्धात इंग्रजांसाठी सैन्यभरतीला जोर लावला आणि त्या फौजेत गेलेली पोरे याच खेड्यांतली, दूरच्या मुलखात परक्याच्या लढाईत मेलेली. इंग्रज अधिकाऱ्यांशी त्यांचा पत्रव्यवहार वाचला तर निष्ठेची भाषा पानोपानी आढळते. काही आपण मुत्सद्देगिरी म्हणून समजून घेऊ शकतो. सगळे नाही. अहमदनगरच्या किल्ल्यात आधीच्या छत्रपतींचे काय झाले हे माहीत असलेल्या माणसाने कुठवर वाकायचे, याचा निवाडा आज खुर्चीत बसून करणे सोपे आहे.

आम्ही पाहतो ते हे, की या वाकण्यातून मिळालेली सवड त्यांनी कशासाठी वापरली. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. इंग्रजांनी आपल्या मुलखात असा सक्तीचा कायदा तोवर केला नव्हता. गोखल्यांनी मागितला तेव्हा नाकारला होता. १९१८ मध्ये कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले आणि अस्पृश्य तरुणांनाही तलाठ्याचे काम शिकवले. गावच्या सात-बारावर ज्याची सावली पडलेली चालत नसे, त्याच्या हातात दप्तर आले. त्याच वर्षी महार वतन मोडून त्या जमिनी रयतावा केल्या. म्हणजे तुकडाभर जमिनीच्या बदल्यात पिढ्यान् पिढ्या करावी लागणारी वेठ संपली. पोलीस चावडीवरची हजेरी बंद झाली. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सगळ्यांबरोबर बसवले आणि दवाखान्यांत, सार्वजनिक जागांत शिवाशिव पाळायला मनाई केली.

गंगाराम कांबळ्यांची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. हौदाला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या गंगारामांना महाराजांनी कोल्हापुरात भर वस्तीत चहाचे दुकान काढायला लावले आणि स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घेऊ लागले. सोबतच्या सरदारांनाही तो घ्यावा लागे. ही गोष्ट आपल्याकडे गोड आठवण म्हणून सांगतात. आम्हाला ती राज्यकारभाराची गोष्ट वाटते. कायदा गॅझेटात छापला म्हणून चहाच्या कपापर्यंत पोचत नाही. तो पोचवायला राजाला रस्त्यावर थांबावे लागले.

आणि मग माणगाव. २१ आणि २२ मार्च १९२०. कागल जहागिरीतले हे गाव, परिषद अस्पृश्यांची, अध्यक्ष बॅरिस्टर व्हायच्या वाटेवर असलेले तरुण भीमराव आंबेडकर. महाराज तिथे गेले आणि आता तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, असे त्यांनी जमलेल्यांना सांगितले. त्याआधी दोन महिने निघालेल्या ‘मूकनायक’ला त्यांनी २,५०० रुपये दिले होते. मे अखेरीस नागपूरच्या परिषदेचे अध्यक्षपद महाराजांनी भूषवले. जुलैत बाबासाहेब अपुरे शिक्षण पुरे करायला लंडनला निघाले, त्यातही महाराजांची मदत होती.

एका राजाने, ज्याच्या हुकुमावर सगळे चालत होते, लोकांना आपल्याकडे न बोलावता त्यांच्यातूनच उभ्या राहिलेल्या माणसाकडे बोट दाखवले. राजाचा हुकूम राजाबरोबर संपू शकतो. बाबासाहेबांनी १९१९ मध्येच साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांसाठी मताधिकार आणि स्वतंत्र प्रतिनिधी मागितले होते. इंग्रजांपुढे उभे राहून, पण इंग्रजांची दया म्हणून नव्हे. महाराजांनी ज्या खुर्च्या हुकमाने भरल्या त्या पुढे राज्यघटनेने हक्काच्या केल्या. काँगोत लुमुंबांच्या मागे अशी तयार फळी नव्हती. घानात एन्क्रुमांनी दुसरा पुढारी उभा राहू दिला नाही.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराज गेले. वय ४७. बाबासाहेब तेव्हा परदेशात शिकत होते.

अभ्यासवर्गातल्या त्या दोन तरुणांना आम्ही हे सगळे सांगितले. आफ्रिकेचा व्हिडिओ पाहिलेल्याने लुमुंबांवर वाचायला घेतले आहे. इंग्रज राहायला हवे होते म्हणणारा मात्र पुरता पटलेला नाही. त्याने उलट आम्हालाच विचारले, की इंग्रज गेले, आरक्षण आले, मग त्याने ज्या कार्यालयात अर्ज केला तिथली सगळी भरती आता ठेकेदारामार्फत का होते आणि त्या भरतीत राखीव जागा किती? आमच्यापैकी कुणाकडे उत्तर नव्हते. तेव्हा १९०२ च्या हुकुमातले तीन महिन्यांच्या तक्त्याचे कलम पुन्हा वाचून काढले आणि त्याच धर्तीवर माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला. गेल्या तीन महिन्यांत किती माणसे घेतली, कोणत्या मार्गाने घेतली, त्यांत मागासवर्गीय किती. अर्जावर त्या पोराचीच सही आहे. पोच मिळाली आहे, उत्तर अजून यायचे आहे.